आखणी बाकी

बायना काय म्हणायचं, इथूनच माझा गोंधळ सुरू होतो. रोह्याजवळ वरसेला त्यांच्याकडे वरच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या त्या दिवशी मी त्यांना काकू म्हटलं. "काकू कुणाची? काका हाय कुठं?" त्या म्हणाल्या. मावशी म्हटलं तर म्हणाल्या, "तुझ्या आयशीनं मला बहीण कधी केली?" शेवटी सगळी आळी म्हणायची तेच मीही म्हणू लागले, बाय. त्याला मात्र त्या ओ देत. दोन वर्षं मी त्यांच्या डोक्यावर राहिले (मजल्याने म्हणतेय, नाहीतर गैरसमज व्हायचा), आणि तरीही ही बाई कोण होती असं आज कुणी विचारलं तर मी चाचरते. एकदा विचारलं होतं एकाने. तेव्हा नुसती चाचरले असते तरी चाललं असतं.

मी रोह्याला एका कंपनीच्या प्रयोगशाळेत होते. नोकरी कंत्राटी, शिफ्ट फिरत्या, माहेर घाटावर कराडकडे. घर बायच्या भाच्याचं. तो बाहेरगावी असायचा आणि बाय खालच्या मागच्या खोलीत राखणीला. लग्न केलेलं नव्हतं. "राहिलं करायचं," असं म्हणत, दळण टाकायचं राहिलं म्हणावं तसं.

आधी काय करत होत्या, याचं उत्तर माणूस बघून बदलायचं. दूधवाल्याला सांगितलं होतं, पापड लाटायला जायचे. शेजारच्या शिक्षिकाबाईंना सांगितलं, बालवाडीत होते. मला म्हणाल्या, "पेणला कारखान्यात. पॅकिंगला." कसला कारखाना, हे विचारायचं मला सुचलं नाही. पेणमध्ये नुसतं कारखाना म्हटलं की लोक काय समजतात हे मला ठाऊक नव्हतं. माझ्या मुलखात कारखाना म्हणजे उसाचा, आणि रोह्यात आल्यावर आमच्यासारखा चिमणीवाला. त्यामुळे बाय बारा-बारा तास खोकी बांधत होत्या असं चित्र मी मनाशी धरून बसले, आणि कधी पाठ दुखते म्हणाल्या तर त्या खोक्यांना दोष देत राहिले.

आता मात्र त्या चित्रं काढत, एवढं नक्की. कुंचला अंबाड्यात खोचलेला, आणि तो पुसायची जागा म्हणजे डावा हात, मनगटापासून कोपरापर्यंत. दारात कोळीण आली की टोपली उतरवायच्या आधी तो हात बघायची. "आज निळा हाय. म्हंजे बाय खाडीवर जाऊन आयली." कागद म्हणजे जुनी कॅलेंडरं. महिना संपला की आळीतली माणसं पान फाडून आणून देत, बाय ते गादीखाली घालून सरळ करत आणि मागच्या कोऱ्या बाजूवर काम करत. अशी पानं सुतळीने शिवली की वही. चित्र उलटलं की एकादशी, संकष्टी आणि कुणीतरी पेनने गोल केलेली सिलिंडरची तारीख.

मला त्या 'देशावरची' म्हणत. घाटापलीकडच्या मुलखाला कोकणात देश म्हणतात हे माहीत होतं, पण बाय नुसतं 'देश' म्हणाल्या की कुठला देश, हे मला शेवटपर्यंत नीट उलगडलं नाही. सीमेवर लढाई लागली त्या सकाळी त्या खांद्याला पिशवी अडकवून निघाल्या.

"कुठे निघालात?"

"देश बघून येते. लढाई लागली ना."

मला वाटलं घाट चढून चालल्या. त्या गेल्या कासूला, पेणच्या अलीकडे. स्टेशनवर उतरल्या, दुपारच्या गाडीपर्यंत बाकावर बसल्या आणि परत आल्या. हात मातकट तपकिरी झालेला होता.

ते दिवस कसे होते हे सांगायला हवं. फार नव्हते, पण किती असणार हे तेव्हा कुणाला माहीत होतं? टीव्हीवर दिवसभर आरडाओरडा. कंपनीत टाक्यांभोवती पहारा वाढला, मोबाइल गेटवर जमा. होड्या खाडीबाहेर नेऊ नका असं सांगितलंय म्हणून कोळीण कपाळाला हात लावून बसायची. आखातात गेलेली पोरं तिथून फोन करून विचारत, तुमच्याकडे काय झालंय का? वरसेला काहीच झालेलं नव्हतं. कातकरी बायका करवंदं घेऊन येत होत्या, आंबे उतरत होते. मला कळेना, घाबरायचं की डबा भरायचा. मी दोन्ही करत होते.

बाय माझ्याकडे टीव्ही बघायला येत आणि आल्या आल्या आवाज बंद करत. "ओरडू दे त्यांना. मला तोंडं बघू दे." पाच मिनिटं बघून उठत. एकदा एका निवेदकाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ह्याला लढाई नाय दिसत. ह्याला ह्योच दिसतोय." मी हसले, पण नंतर तो माणूस दिसला की मलाही तसंच वाटायचं.

त्या आठवड्याची वही मी पहिल्यांदा चाळली तेव्हा खरं तर मला राग आला. लढाईची वही म्हणे, आणि लढाई कुठेच नाही! धरमतरच्या जेट्टीवर रिकाम्या बार्जच्या कडेला उकिडवा बसलेला खलाशी. कासूच्या बाकावर भाताच्या बियाण्याची पिशवी मांडीत घेतलेली म्हातारी. रोह्याच्या मोहल्ल्यातली एक चाची. तिचा मुलगा कुवेतला, आणि मांडीवर फोन पालथा ठेवलेला. प्रत्येक चित्राखाली बारीक अक्षरात काहीतरी खरडलेलं. 'बैठा, दीड, एक नग. आखणी बाकी.' 'उभ्या, सव्वा, दोन नग. आखणी बाकी.' आणि एकाही माणसाला डोळे नव्हते. नाक होतं, ओठ होते, चाचीच्या नाकातली चमकीसुद्धा होती. डोळ्यांच्या जागी नुसता अंगाचा रंग.

"बाय, यात लढाई कुठे आहे?"

"हाय ना. लढाई नसती तर ह्यो असा बसला असता काय? बार्ज भरत असता." मग वही माझ्या हातातून घेत म्हणाल्या, "लढाईचं टीव्हीवाले लिवतील, सरकार लिवील. हिकडं कोण कसं बसलं व्हतं ते कोण लिवणार?"

"आणि डोळे?"

"बाकी हायत."

"ते दिसतंय. पण का?"

तेव्हा त्यांनी आईची गोष्ट सांगितली. त्या लहान असताना एक लढाई झाली होती. पेणला घराच्या काचांना काळे कागद लावले होते, आणि धाकटा मामा फौजेत होता. आई दिवसभर उंबऱ्यावर बसायची. "बसलेली दिसते मला. पदर कसा व्हता, पाय कसे मुडपले व्हते, सगळं दिसतं. डोळे नाय दिसत. कुणी ठेवलेच नायत." मला भरून आलं. दुसऱ्या दिवशी ही गोष्ट शिक्षिकाबाईंना सांगितली, तर त्या म्हणाल्या, "अहो, त्यांचा जन्म त्या लढाईनंतरचा. आधार कार्ड मीच अपडेट करून दिलंय." खरं काय ते देव जाणे. आधार कार्डावरच्या तारखाही कुठे खऱ्या असतात म्हणा.

एका दुपारी चार वाजता सरावाचा भोंगा वाजला. सांगितलेलं असं होतं की भोंगा झाला की घरात जायचं, खिडक्या लावायच्या आणि शांत बसायचं. भोंगा झाला आणि आळीतल्या झाडून साऱ्या बायका गच्चीवर धावल्या. पोह्याचे पापड वाळत घातले होते ना! शिक्षिकाबाई, ज्यांनी आदल्या दिवशी आम्हाला सूचना वाचून दाखवल्या होत्या, त्या सगळ्यांत पुढे. मीही धावले, माझा एकही पापड नसताना. खाली रस्त्याच्या मधोमध बाय पायरीवरचा पाट टाकून बसल्या होत्या आणि वर बघून भराभर रेघा ओढत होत्या. शिट्टी वाजवत आलेला स्वयंसेवक त्यांना उठा म्हणाला. "थांब रे, पापड जमा व्हऊ दे," बाय म्हणाल्या, आणि तो खरंच थांबला. त्या चित्राखाली लिहिलं होतं, 'उभ्या, मिश्र, नऊ नग.'

आता माझ्यावर येते. एकदा मी डबा विसरले आणि बाय तो घेऊन कंपनीच्या गेटवर आल्या. मी बाहेर आले, डबा घेतला, दोन शब्द बोलले आणि वळले. संध्याकाळी बघते तर वहीत मी. गेटसमोर उभी, डबा छातीशी दोन्ही हातांनी धरलेला, गळ्यात ओळखपत्र, चेहऱ्यावर डोळे नाहीत. मी ओरडलेच. कंपनीने नोटीस लावली होती, फोटो नको, चित्र नको. माझं कंत्राट त्याच महिन्यात पुढे व्हायचं होतं.

"बाय, गेट कशाला काढलंत?"

"गेट कुठं काढलंय? तू हायस. मागं कायतरी असणारच ना माणसाच्या."

पान फाडा म्हटलं, तर त्यांनी वही उशाशी घेतली आणि माझ्याकडे पाठ करून झोपल्या. संध्याकाळचे सहा वाजले होते.

त्यानंतर दोन दिवसांनी मला फोन आला. खाडीजवळच्या एका पोलीस चौकीतून. तुमच्या घरमालकीण इथे आहेत, येऊन जा. बाय जेट्टीवर चित्र काढत बसल्या असताना कुणीतरी त्यांचा फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाकला होता, 'संशयित महिला' म्हणून, आणि मग जे व्हायचं ते झालं. मी पेणची गाडी पकडली. वाटेत सगळा वेळ माझ्या मनात बायपेक्षा ते गेटचं पान जास्त होतं. हे लिहायला लाज वाटते, पण होतं ते होतं.

बाय बाहेरच्या खोलीत बाकावर बसल्या होत्या. कुणी त्यांना त्रास दिला नव्हता, पाणीबिणी दिलं होतं. आतले साहेब नुकते बदलून आलेले, विदर्भाकडचे, वयाने माझ्याएवढे. डोळे जाग्रणाने लाल. त्यांनी मला समोर बसवलं आणि वही उघडली.

"हे वाचा. 'बैठा, दीड, एक नग.' दीड काय? नग कसले? आणि हे पहा. पानापानावर. आखणी बाकी, आखणी बाकी, आखणी बाकी. ही बाई कसली आखणी करून राहिली?"

मी बघतच राहिले. तोवर ते शब्द मी वीसदा वाचले होते आणि वीसदा सोडून दिले होते. आता त्यांच्या तोंडून ऐकले तेव्हा ते निराळेच वाटले. आखणी रस्त्याची असते, मोहिमेची असते. जेट्टीचं चित्र, स्टेशनचं चित्र, कंपनीच्या गेटचं चित्र, आणि खाली आखणी बाकी. खरं सांगते, एक क्षणभर मलाही वाटलं, कोण आहेत या? मला तरी काय माहीत आहे?

"तुम्ही ओळखता ना यांना?"

मी काय सांगायला हवं होतं ते मला तेव्हाही कळत होतं. सांगायला हवं होतं की साहेब, मी दोन वर्षं यांच्या घरात राहते. मला ताप आला की या पेज करून देतात, मुंगी मारत नाहीत, चित्रं काढतात, तऱ्हेवाईक आहेत. एवढं पुरलं असतं.

"मी फक्त भाडेकरू आहे," मी म्हटलं.

"काय करतात त्या?"

"मला काही माहीत नाही."

त्यांनी पान उलटलं. मीच होते. गेट, ओळखपत्र, डबा.

"ही कोण?"

मी त्या चित्राकडे पाहिलं. डबा धरायची ती तऱ्हा माझीच, कुणीही ओळखली असती. चौकीत मी पर्स तशीच छातीशी दोन्ही हातांनी धरून बसले होते.

"ओळखत नाही," मी म्हटलं.

साहेबांनी चित्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा चित्राकडे पाहिलं. डोळेच नाहीत म्हटल्यावर त्यांना तरी काय ओळखू येणार. त्यांनी पुढचं पान काढलं.

तेवढ्यात एक महिला पोलीस चहा घेऊन आत आली. पेणचीच असावी. कप ठेवता ठेवता तिची नजर वहीवर गेली आणि ती फिस्सकन हसली.

"साहेब, आखणी म्हंजे डोळे!"

"काय?"

"गणपतीचे डोळे. माझ्या मामाचा कारखाना हाय ना गणपतीचा. मूर्ती रंगवून झाली का शेवटाला डोळे आखतात. ज्यांचे ऱ्हायले असतील त्यांच्यावर चिठ्ठी, आखणी बाकी. दीड म्हंजे दीड फुटी. नग म्हंजे नग, दुसरं काय?" आणि साहेबांच्या परवानगीची वाट न बघता ती बाहेर बायकडे वळली. "बाय, तुम्ही आखणीला व्हत्या?"

"व्हते."

"किती वर्षं?"

"तीसेक."

"मामा सांगतो, पेणला एक बाई व्हती, तिनं आखलेला गणपती कुठूनबी बघितला तरी आपल्याकडंच बघतो. त्या तुम्हीच का?"

"नाय," बाय म्हणाल्या. "ती दुसरी."

साहेब कपाळ चोळत उठले. त्यांनी वही बायच्या हातात दिली आणि पुन्हा जेट्टीवर दिसू नका म्हणून बजावलं. मग न राहवून विचारलं, "पण आजी, डोळे काढले का नाहीत तुम्ही?"

"लढाई चालू हाय," बाय म्हणाल्या. "कोण कुठं बघतंय ते अजून ठरलं नाय."

मला आईची गोष्ट सांगितली होती, साहेबांना हे. दोन्ही खरं असेल, किंवा एकही नसेल. परतीच्या गाडीत मी त्यांच्या समोर बसले आणि खिडकीतून बाहेर बघत राहिले. मिठागरं गेली, नागोठणं गेलं. त्या एकच वाक्य बोलल्या, "दुपारची जेवलीस काय?" मी नाही म्हटलं, तर पिशवीतून केळं काढून दिलं. ते केळं मी न सोलता तसंच हातात धरून ठेवलं. बाहेरच्या खोलीत आतलं ऐकू येत नसणार, असं मी मनाला सांगत होते.

मग एका संध्याकाळी लढाई थांबल्याची बातमी आली. खरी थांबली की तात्पुरती, यावर टीव्हीवर पुन्हा आरडाओरडा. बायनी मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी वाटीत काळा रंग कालवला, वहीची सुतळी उसवली आणि एक पान घेऊन निघाल्या. रोज एक-दोन पानं. ज्याचं चित्र त्याला शोधायचं, समोर बसवायचं, डोळे आखायचे आणि पान त्याच्याच हातात देऊन यायचं. खलाशाचं पान त्याने खिशात बसेना म्हणून चार घड्या घालून नेलं, असं त्यांनी कौतुकाने सांगितलं. एका रविवारी मी मोहल्ल्यात त्यांच्यासोबत गेले. चाची ते चित्र हातात घेऊन किती वेळ बघत होती.

"बाय, माझे डोले अशे हायत?"

"त्या दिवशी व्हते," बाय म्हणाल्या. "आज नायत."

चाचीने पान कपाटात मुलाच्या शर्टांखाली ठेवलं आणि आम्हाला शिरखुर्मा असतो तशी शेवयांची खीर दिली. परत येताना मी भांडले. एवढी वणवण कशासाठी केली मग? कोण कसं बसलं होतं ते ठेवायचं होतं ना? वाटून टाकलं तर उरलं काय?

"डोळे आखलेला गणपती कारखान्यात ठेवतात काय? ज्याचा त्याच्या घरी जातो."

"पण हे गणपती नाहीत, बाय. माणसं आहेत."

"मग तर नायच ठेवायचे," त्या म्हणाल्या. अजूनही वाटतं की त्यांचं चुकलं, एवढी वही एका जागी राहायला हवी होती. आणि लगेच वाटतं, कुठे? कुणाच्या घरी?

असं करता करता एक माझंच पान उरलं. पहिल्या दिवशी त्यांनी मला ओट्यावर बसवलं, पाच मिनिटं पाहिलं आणि वाटी झाकली. "आज नाय." दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "तू खाली काय बघतेस सारखी? काय सांडलंय तिथं?"

मी एकदम बोलून टाकलं.

"बाय, मी त्या दिवशी साहेबांना सांगितलं की मला तुमच्याबद्दल काही माहीत नाही."

"ऐकलं ना. दार कुठं लावलं व्हतं त्यांनी."

"हे चित्र माझं आहे, तेही नाही सांगितलं."

"ते बी ऐकलं."

"मग तुम्ही काही बोलला का नाहीत? गाडीत? इतके दिवस?"

त्या विचारात पडल्या. खरोखरच विचार करत होत्या, मला बरं वाटावं म्हणून नाही. "काय बोलायचं? माहीत नाय म्हणालीस, तर नायच माहीत तुला. मला तरी कुठं माहीत हाय?" मग म्हणाल्या, "पण चित्र तुझं व्हतं गो. ते बोलायला पायजे व्हतं. मी किती बारीक काढलं व्हतं."

त्या रागावल्या असत्या तर मी सावरले असते. घर सोड म्हणाल्या असत्या तरी चाललं असतं. हे मात्र मला झेपलं नाही. माझा बांध फुटला आणि मी ओढणीत तोंड खुपसलं. एक रंगाने माखलेलं बोट माझ्या हनुवटीखाली आलं आणि तोंड वर झालं. त्यांचा चेहरा अगदी जवळ होता, आणि त्यांच्या डोळ्यांत राग होता की माया, मला आजही सांगता येणार नाही.

"रड," बाय म्हणाल्या, "पण मान हलवू नको." आणि त्यांनी कुंचला टेकवला.